धंतोलीतला पिवळा चौकोन

रंग अजून पुरता वाळला नव्हता.
धंतोलीत दोन घरांआड एक दवाखाना,
दोन दवाखान्यांआड एक मेडिकल,
आणि रुग्णापेक्षा गाडीलाच आधी नंबर लावावा लागतो.
तिथे मुलांच्या दवाखान्यासमोर, कडुनिंबाखाली,
कोणीतरी तीन पिवळे चौकोन आखले होते.
वर पाटी: लहान मुलांसोबत आलेल्या पालकांसाठी राखीव.
पाटीवर एक बाई, तिच्यापुढे ढकलगाडी,
ढकलगाडीत एक गोल. ते बाळ.

अशी ढकलगाडी मी एकदाच पाहिली आहे,
नणंदेच्या व्हिडिओ कॉलवर.
माझं बाळ ओढणीनं पोटाशी बांधलेलं,
नऊ महिन्यांचं, गोवराच्या सुईला आणलेलं.
मे महिना, सकाळचे साडेनऊ,
ब्रेकची मूठ रुमालाशिवाय धरवत नव्हती.
तोंडाला स्कार्फ, पर्समध्ये कांदा,
तो सासूबाईंनी न विचारता टाकलेला.

मी विचारलं, स्कूटर चालेल का इथे?
झनकलाल उईके, गार्ड, शिट्टी गळ्यात, पायात स्लीपर,
पाटीकडे बघत राहिले, मग माझ्या पोटाकडे.
"लाव ना बाई. सावलीत लाव."

मोटारीच्या मापाच्या त्या जागेत
माझी स्कूटर अशी दिसत होती
जसं डबलबेडवर आडवं झोपलेलं तान्हं:
एवढंसं, आणि तरी कोणाला टेकू देत नाही.

उतरताना बाळाचा एक मोजा पडला. तो उचलते तोच
मागून हॉर्न. पांढरी, उंच गाडी, काचा वर.
एक काच खाली आली, आतली गार हवा बाहेर आली,
तिच्यामागून आवाज: "टू-व्हीलर तिकडे लावा ना, मॅडम.
ही कारची जागा आहे, दिसत नाही?"

मला खरंच वाटलं, असेल.
जागा कोणाची, हे मोठ्या गाडीलाच जास्त ठाऊक असतं.
मी किल्ली फिरवायला वाकले.

उईके पाटीखाली जाऊन उभे राहिले,
शाळेत फळ्याजवळ उभं करतात तसे.
"साहेब, पाटीवर गाडी नाई काढली.
लेकरू काढलं हाये.
तुमच्याजवळ हाये काय लेकरू?"

तो माणूस गप्प. पन्नाशीचा, केस रंगवलेले.
मग मागचं दार उघडून तो म्हणाला, "आहे."

मागच्या सीटवर एक म्हातारी, गुडघ्याला पट्टा,
मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा.
हाडांचा दवाखाना शेजारीच, तिथे ना सावली ना जागा.
"ही पालक," तो म्हणाला, "आणि मी हिचं मूल.
पाटीवर वय लिहिलंय का?"

उईकेंनी पाटी पुन्हा वाचली. लहान हा शब्द
त्यांनी नक्कीच वाचला, मी बघत होते.
तरी काही बोलले नाहीत. शिट्टी तोंडात घेतली,
वाजवली नाही.

म्हातारी म्हणाली, "बंडू, भांडू नको बाप्पा,"
आणि बंडू पन्नाशीत लाजला.

मी स्कूटर कोपऱ्यात सरकवली, अगदी खोडाला.
मला राग आला होता, हेही सांगते.
सगळ्यांना सगळं आपलंच वाटतं, या विचाराचा राग,
आणि आजीचा नाही, याचाही थोडा.
गाडी आत आली. चौकोन गच्च भरला.

सुई टोचली, बाळ रडलं, निळं होईतो रडलं,
मग थकून माझ्या घामात झोपलं.
बाहेर आले तर सीटवर पुठ्ठा ठेवलेला,
मिक्सरच्या खोक्याचा, ऊन सरकलं म्हणून.
उईके दुसऱ्या कोणाशी हुज्जत घालत होते.
पुठ्ठ्याबद्दल काही बोलायची सोय नव्हती.

अजनीच्या पुलाशी सिग्नलला थांबले,
मागचा पोरगा म्हणाला, ताई, टायर बघा.
पिवळं. ओली रेघ चाकाला लागून आली होती,
आणि डांबरावर, दर वळशाला एक,
फिकट होत जाणारा ठिपका.